आधी माझे खिसे

त्या लाँड्रीत एक दंडक होता. संध्याकाळी शटर अर्धं खाली आलं की सगळ्यांनी टेबलाभोवती जमायचं आणि आपापले खिसे उलटे करून दाखवायचे. सगळ्यांनी म्हणजे सगळ्यांनी. इस्त्रीवाले काका, डाग काढणाऱ्या वहिनी, गाडी चालवणारा जावई आणि या सगळ्यांच्या आधी खुद्द मालकीणबाई, म्हणजे त्या जावयाच्या सासूबाई. "आधी माझे," म्हणत सासूबाई पुढे यायच्या, ॲप्रनचे दोन्ही खिसे बाहेर ओढायच्या, रुमाल, चष्म्याचं घर आणि टाचण्यांची डबी टेबलावर मांडायच्या आणि हात वर करून एक गिरकी घ्यायच्या. बाई साठी उलटलेली, पण गिरकी अशी घ्यायची की बघत राहावं.

तुम्ही म्हणाल, छान आहे की, यात वाईट वाटण्यासारखं काय? अहो, पण जरा त्या जावयाच्या जागी उभे राहून बघा! ज्या घरची लेक केली त्याच घरच्या दुकानात रोज संध्याकाळी खिसे उलटे करून उभं राहायचं. आणि हा गडी काही साधासुधा नव्हता. पूर्वी एका मोठ्या हॉटेलात स्वागताच्या टेबलाशी असायचा. कोट, टाय, "या साहेब, बसा साहेब." हॉटेल बंद पडलं आणि हा घरी बसला. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "गाडी चालवता येते ना? मग या आमच्याकडे. घरात बसून माणसाला बुरशी येते." आला बिचारा. पहिल्याच संध्याकाळी खिशांचा हा प्रकार बघून त्याच्या डोक्यात तिडीक गेली.

"तुझ्या आईचा माझ्यावर विश्वास नाही," त्याने घरी आल्या आल्या बायकोला सुनावलं.

"तिचा स्वतःवर तरी कुठे आहे? आधी स्वतःचेच दाखवते ना?" बायको म्हणाली आणि भाजी चिरू लागली.

तेव्हापासून तो खिसे उलटे करायचा, पण असे, की जणू खिशांशीच भांडण आहे. किल्ली टेबलावर आपटायचा, रुमाल फेकायचा, तोंड भिंतीकडे फिरवायचा. सासूबाई चष्मा नाकावर चढवून शांतपणे बघायच्या आणि "झालं" म्हणायच्या.

दुसरा दंडक कपडे गोळा करतानाचा. गिऱ्हाइकाच्या दारात, त्याच्या डोळ्यांदेखत प्रत्येक खिसा तपासायचा. जे निघेल त्याचं नाव मोठ्याने घ्यायचं आणि तिथल्या तिथे परत करायचं. "दुसऱ्याच्या खिशात हात घालायचा तर त्याच्या समोर," सासूबाई म्हणत, "आणि हात आत असेपर्यंत तोंड बंद ठेवायचं नाही." एकदा एका सद्‌गृहस्थाच्या विजारीतून त्यांनी "नाटकाची तिकिटं, दोन!" असं खणखणीत आवाजात जाहीर केलं. गृहस्थाची बायको शेजारीच उभी होती, आणि ती काही नाटकाला गेलेली नव्हती. त्या घरातून पुढे बरेच दिवस भांडी आपटल्याचे आवाज येत होते म्हणे. पण सासूबाईंनी दंडक बदलला नाही. निघालेल्या वस्तूला हसायचंही नाही, हे त्यातलंच पोटकलम.

त्या दिवशी सासूबाई गाडीतून बरोबर आल्या होत्या, कारण एका दवाखान्याचे पडदे उतरवून आणायचे होते आणि ते काम त्या दुसऱ्या कुणावर सोपवत नसत. दवाखान्यासमोर कोपऱ्यावर एक बंगला होता. "मी पडदे बघते, तुम्ही तिथला कोट घेऊन या, जावईबापू," असं सांगून त्या आत गेल्या.

बंगल्याच्या बाई फोनवर बोलत बोलतच दारात आल्या आणि करड्या रंगाचा जाड कोट त्यांनी याच्या हातात दिला. आता खिसे तपासायचे. तेवढ्यात आतल्या सोफ्यावरून एक पाहुणे मान उंच करून म्हणाले, "अरे, तुम्ही त्या हॉटेलात होतात ना? टायवाले?"

झालं! जावईबापूंच्या कानशिलांत रक्त चढलं. ज्या माणसाच्या बॅगा आपण एका इशाऱ्यावर वर पाठवायचो, त्याच्या समोर लोकांच्या कोटाचे खिसे चाचपत उभं राहायचं? तो कसनुसा हसला, कोटाची घडी केली आणि जिना उतरला.

गाडीत बसल्यावर मात्र मन खायला लागलं. त्याने कोटाच्या उजव्या खिशात हात घातला. खिसा तळाशी फाटलेला होता. बोटं अस्तरात गेली आणि काहीतरी टणक, बारीक हाताला लागलं. बाहेर काढलं तर कानातलं! हिऱ्याचं, लखलखतं.

शहाण्या माणसाने काय केलं असतं? तस्संच वर जाऊन दिलं असतं. यालाही ते कळत होतं हो. पण वर पाहुणे बसलेले, आणि समोरून सासूबाई पडद्यांचं गाठोडं उचलून येताना दिसल्या. आता वर गेलो तर त्या विचारणार, दारातच का नाही बघितलं? आणि मग दंडकावर जे व्याख्यान होणार, ते त्याला पाठ होतं. दुपारी एकट्याने येऊन देऊन जाऊ, असं मनाशी म्हणत त्याने ते कानातलं पँटच्या उजव्या खिशात सारलं आणि गाठोडं घ्यायला खाली उतरला.

गाडी जेमतेम बाजारात पोचली असेल नसेल, एका न्हाव्याच्या दुकानापुढे पोलिसाने हात आडवा केला. भल्यामोठ्या मिशांचा पोलीस होता. "गाडी बाजूला घ्या. इंजिन बंद. उतरा खाली. मागचं दार उघडा."

जावई उतरला तोच मुळी हॉटेलातल्या सवयीने. "हो साहेब, या साहेब, बघा साहेब, सगळं बघा." हात दाराच्या कडीकडे गेलासुद्धा.

"जावईबापू," सासूबाई दुसऱ्या बाजूने उतरत म्हणाल्या, "जरा थांबा." मग पोलिसाकडे वळल्या. "कशासाठी थांबवलंत, साहेब?"

"ते नंतर सांगतो. आधी गाडी उघडा."

"आधी कारण, मग गाडी. तुम्ही काय शोधताय हे मला कळायला नको का?"

मिशीवाला वैतागला, पण बाई ओरडत नव्हत्या, हातवारे करत नव्हत्या. दुकानात गिऱ्हाइकाशी बोलायच्या तशा बोलत होत्या. "चोरीची तक्रार आहे," तो म्हणाला. "कोपऱ्यावरच्या बंगल्यातून हिऱ्याच्या कानातल्यांचा जोड गेलाय. तुमची गाडी गेल्यावर लक्षात आलं. पटलं?"

उजव्या खिशातलं ते एवढंसं कानातलं जावयाला धोंड्यासारखं जड लागायला लागलं. आता हा खिशात हात घालणार, कानातलं काढणार, आणि मग आपलं कोण ऐकणार? लाँड्रीचा माणूस, बंगल्यातला कोट, खिशात हिरा. आणखी काय हवं? नोकरी तर जाईलच, पण चोर म्हणून नाव निघालं की त्या नावासकट जन्म काढायचा. बायकोला कुठल्या तोंडाने सांगायचं?

"मग झडती घ्यायलाच हवी," सासूबाई म्हणाल्या. "माझी हरकत नाही. पण रीतसर घ्या."

"मला रीत शिकवता?"

"छे हो! तुमची रीत तुम्हाला ठाऊक, माझी मला. मीसुद्धा दिवसभर खिसेच तपासते." असं म्हणून त्यांनी चष्मा लावला, पोलिसाच्या छातीवरची पट्टी जवळ जाऊन बघितली आणि नाव मोठ्याने वाचलं, नंबरासकट. "हं. आता ओळख झाली. एक सांगते, माझ्या अंगाची झडती घ्यायची तर बाईमाणूस लागेल. बोलवा कुणाला तरी. आम्ही पळत नाही, हे इथेच बसलो." आणि खरोखरच त्या न्हाव्याच्या दुकानाबाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या.

मिशीवाल्याने फोन लावला. काय करतो? लोक जमायला लागले होते.

"दोन साक्षीदारही हवेत," सासूबाईंनी बाकावरून पुढचं काढलं.

"ते कशाला?"

"म्हणजे तुम्हाला काही सापडलं, तर 'यांनीच ठेवलं' असं मला म्हणता येणार नाही. तुमच्याच सोयीचं आहे."

न्हावी कात्री हातात घेऊन दाराशी येऊन उभा होताच, तो साक्षीदार झाला. दुसरा झाला त्याच्या खुर्चीतला गिऱ्हाईक. त्याचा एक गाल गुळगुळीत होता आणि दुसऱ्यावर फेस. "अहो, माझी अर्धी राहिलीय!" तो कळवळला.

"राहू द्या," सासूबाई म्हणाल्या. "अर्ध्या दाढीने कुणी तुरुंगात जात नाही. अर्ध्या झडतीने जातं."

मग त्यांनी गाडीतून लाँड्रीची एक स्वच्छ पांढरी चादर काढायला लावली आणि ती बाकावर अंथरली. "जे निघेल ते यावर ठेवायचं. कायद्यातच आहे तसं."

"असं काही कायद्यात नाही, मावशी," मागून आवाज आला. पोलीसबाई येऊन पोचल्या होत्या. मिशीवाल्याने त्यांना सलाम ठोकला, त्यावरून त्या साहेबच असणार. बाईंनी सगळा प्रकार ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "तक्रार असेल तर गाडी थांबवून तपासायचा अधिकार आम्हाला आहे. तो तुम्हाला अडवता येणार नाही."

"मी कुठे अडवतेय?"

"नाही अडवत. कारण विचारलंत, साक्षीदार मागितलेत, ते बरोबर केलंत. जे लिहिलं जाईल ते वाचल्याशिवाय सही करू नका. आणि काही बोलायचं नसेल तर बोलायची सक्ती नाही, तुमच्यावरही नाही आणि यांच्यावरही नाही. पण चादरीचं मात्र कुठे लिहिलेलं नाही."

"नसेल. लिहायला सांगा," सासूबाई म्हणाल्या. पोलीसबाईंना हसू आलं. चादर तशीच राहिली.

"चला, कुणापासून सुरुवात करायची?" मिशीवाल्याने बाह्या सरसावल्या. त्याची नजर जावयावर होती, कारण जावई घामाने निथळत होता.

"आधी माझे," सासूबाई उठल्या. ॲप्रनचे खिसे बाहेर आले. रुमाल, चष्म्याचं घर, टाचण्यांची डबी चादरीवर गेली. मग दुकानाच्या आतल्या बाजूला, पडद्यामागे पोलीसबाईंनी त्यांची झडती घेतली. बाहेर आल्या त्या खिसे तसेच उलटे लोंबते ठेवून. "आता गाडीत कोण शिरणार? तुम्ही ना? मग तुमचेही."

"माझे?" मिशीवाल्याच्या मिशा थरथरल्या. "पोलिसाची झडती?"

"रिकाम्या हाताने आत गेलात, हे साक्षीदारांना कळायला नको?"

सगळा बाजार श्वास रोखून बघत होता. मिशीवाल्याने साहेबबाईंकडे बघितलं. बाईंनी क्षणभर विचार केला आणि स्वतःचेच खिसे उलटे केले. मग त्याचाही इलाज राहिला नाही. त्याच्या खिशातून मिशीचा कंगवा निघाला आणि एक अर्धं खाल्लेलं बिस्कीट. गर्दीत खसखस पिकली. सासूबाई वळून म्हणाल्या, "हसायचं काय त्यात? दुपारचे बारा वाजले, माणसाला भूक लागत नाही?" आणि कंगवा व बिस्कीट दोन्ही नावानिशी उच्चारून त्यांनी चादरीवर नीट मांडून ठेवलं. मिशीवाला त्यांच्याकडे जरा वेगळ्याच नजरेने बघायला लागला.

आणि इकडे जावयाची काय अवस्था झाली होती म्हणून सांगू! सासूबाई एकेक गोष्ट जितकी चोख करत होत्या, तितका त्याच्याभोवतीचा फास आवळला जात होता. या बाईला काय माहीत, की जे शोधतायत ते तिच्या जावयाच्याच खिशात आहे? तिला वाटतंय आपली पाटी कोरी आहे, म्हणून ती वाघिणीसारखी उभी आहे. त्याच्या बुटाशेजारी गटाराची जाळी होती. खिशातून हात काढता काढता बोट सैल सोडायचं, बस्स. कुणाला दिसलंही नसतं. सगळे त्या बिस्किटाकडेच बघत होते.

त्याचा हात खिशात गेला. कानातलं बोटांत आलं. आणि नजर गेली ती सासूबाईंच्या ॲप्रनकडे, त्या उलट्या लोंबणाऱ्या खिशांकडे. भर बाजारात, शंभर माणसांपुढे ही बाई तशी उभी होती आणि तिला त्याची काडीचीही लाज वाटत नव्हती. आणि आपल्याला कशाची लाज वाटली? एका पाहुण्याची! त्याला स्वतःचाच असा राग आला की बोटं आपोआप घट्ट झाली.

"थांबा," तो म्हणाला. आवाज चिरकला. "झडतीच्या आधी मला सांगायचंय."

"सक्ती नाही हं," पोलीसबाई म्हणाल्या.

"ऐकलं मी. तरी सांगतो. माझ्या उजव्या खिशात कानातलं आहे. एकच आहे. बंगल्यातल्या करड्या कोटाच्या अस्तरात सापडलं. दारात खिसे तपासायचे असतात, ते मी तपासले नाहीत, पाहुण्यांसमोर लाज वाटली म्हणून. नंतर गाडीत सापडलं, तेव्हा परत जायला हवं होतं, गेलो नाही." मग त्याने खिसा उलटा केला. पांढऱ्या चादरीवर हिरा चमकला.

सासूबाईंच्या चेहऱ्याचा रंग उडाला. त्यांनी त्याच्याकडे एकदाच बघितलं. जावयाला वाटलं, त्यापेक्षा एक मुस्काटात दिली असती तर बरं झालं असतं.

"सापडला!" मिशीवाला गरजला. "दुसरं कुठे लपवलंस? बोल! चल ठाण्यावर!"

"अहो-जाहो करा," सासूबाई म्हणाल्या. आवाज खोल गेला होता, पण शब्द स्पष्ट होते. "अजून काही ठरलेलं नाही. आणि बाईसाहेब, आधी ते बोलले आणि मग खिसा उलटा झाला. लिहिताना याच क्रमाने लिहा. तुम्ही दोघं साक्षीला आहात ना?"

न्हाव्याने मान हलवली. फेसवाल्यानेही हलवली.

पोलीसबाईंनी लिहिता लिहिता वर बघितलं. "मावशी, खरं सांगा. तुमचा यांच्यावर विश्वास आहे?"

जावयाने डोळे मिटले. आलं! ज्या प्रश्नाचं उत्तर त्याने इतकी वर्षं घरी बायकोला सुनावलं होतं, तोच प्रश्न भर रस्त्यात विचारला गेला होता.

"विश्वासाचं सोडा," सासूबाई म्हणाल्या. "सासूने जावयावर विश्वास आहे म्हटलं, तर तुम्ही तो धरणार आहात का? मी डोळ्यांनी बघितलेलं सांगते. हा माणूस आमच्याकडे आल्या दिवसापासून रोज संध्याकाळी मी याचे खिसे बघतेय. एक दिवस चुकला नाही. गाडीची किल्ली, रुमाल, आणि माझ्या लेकीने काय काय आणायला सांगितलंय त्याची चिठ्ठी. कुणाचं साधं बटण कधी निघालं नाही. लोक हजार वस्तू विसरतात कपड्यांत, घड्याळं विसरतात, अंगठ्या विसरतात. सगळं याच्या हातांतून गेलंय आणि सगळं परत गेलंय. खिसे रागाने उलटे करतो, आदळआपट करतो, पण करतो. हे मी शपथेवर सांगेन, आणि आमचे इस्त्रीवाले काका आणि वहिनीही सांगतील, कारण त्यांनीही रोज बघितलंय. आज त्याने चूक केलीय. ती मी घरी बघून घेईन. पण हा चोर नाही."

आयुष्यात पहिल्यांदाच त्या जावयाच्या लक्षात आलं, की रोज संध्याकाळी ही बाई काय साठवत होती. आणि आपण मात्र तोंड भिंतीकडे करून उभे राहत होतो! त्याचे डोळे भरून आले. भर बाजारात, आणि तेही पोलिसांदेखत.

"ते सगळं ठीक आहे, पण जोडातलं दुसरं कुठे?" मिशीवाला म्हणाला. आता त्याचा आवाज पुष्कळ उतरला होता.

"गाडी कुठे बघितलीत अजून?" सासूबाई म्हणाल्या. "एक सापडलं म्हणून थांबू नका. कोट आणा आधी."

करडा कोट चादरीवर आला. मिशीवाल्याने स्वतः हात घातला, आणि मानलं पाहिजे त्याला, आता तोही लाँड्रीतल्या माणसासारखा बोलून दाखवायला लागला. "डावा खिसा, काही नाही. आतला खिसा, काही नाही. उजवा खिसा, फाटलेला. बोट आत जातंय. अस्तर मोकळं आहे..." त्याची जाड बोटं अस्तरावरून खालच्या शिवणीपर्यंत सरकत गेली आणि मागच्या बाजूला एका कोपऱ्यात थांबली. "इथे काहीतरी आहे," तो हळूच म्हणाला.

त्याला गप्प बसता आलं असतं. बसला नाही. जावयाच्या ते पुढे जन्मभर लक्षात राहिलं.

न्हाव्याने कात्री दिली. पोलीसबाईंनी सर्वांना दाखवून शिवणीचे टाके उसवले. कोट उचलून झटकला आणि दुसरं कानातलं टपकन चादरीवर पडलं, पहिल्याच्या शेजारी. फेसवाल्या गिऱ्हाइकाने तर टाळीच वाजवली.

पोलीसबाईंनी बंगल्यावर फोन लावला. कोटाच्या अस्तराचं ऐकल्यावर पलीकडून "अगं बाई!" एवढंच आधी आलं. मग हळूहळू उलगडा झाला. आदल्या रात्री एका समारंभात कान दुखायला लागले, म्हणून बाईंनी कानातली काढून नवऱ्याच्या कोटाच्या खिशात टाकली होती आणि घरी आल्यावर डबीत ठेवली असंच त्यांना वाटत होतं. त्यांनी फोनवरच माफी मागितली. पोलीसबाई म्हणाल्या, "माझी नको, ज्यांची झडती झाली त्यांची मागा," आणि फोन सासूबाईंच्या कानाला लावला. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि सांगितलं, "खिसा फाटलाय तुमच्या कोटाचा. शिवून देऊ."

मग लिहिलेलं वाचायची वेळ आली. सासूबाईंनी पहिल्या शब्दापासून वाचलं. एका जागी बोट ठेवून त्या म्हणाल्या, "'खिशात लपवलेलं' लिहिलंय इथे. लपवलेलं कसं? त्यांनी स्वतःच सांगितलं."

"राहू द्या, आई," जावई म्हणाला. "लपवलंच होतं. फक्त कुणापासून, तेही लिहा. सासूपासून लपवलं होतं."

न्हावी फिस्सकन हसला. पोलीसबाईंनी मात्र ते खरोखरच तसं लिहिलं. सगळ्यांच्या सह्या झाल्या, कानातली बंगल्यावर पोचवायला पोलीसबाईंनी घेतली, एक प्रत सासूबाईंनी मागून घेतली. मिशीवाल्याने चादरीवरचा आपला कंगवा उचलला, बिस्किटाकडे बघितलं आणि तेही उचललं. "मावशी," तो म्हणाला, "आमच्या ठाण्यावर या एकदा."

"पडदे धुवायचे असतील तर येईन," सासूबाई म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर जावई वाट बघत होता, आता सुरू होईल, आता सुरू होईल. एका चौकात सासूबाई म्हणाल्या, "गाडी वळवा. बंगल्यावर."

"कशाला?"

"पावती फाडायची राहिलीय. आणि खिसे तपासायचे राहिलेत."

पाहुणे अजून तिथेच सोफ्यावर बसले होते. जावयाने दारात उभं राहून कोट उघडला आणि पाहुण्यांकडे बघत, पूर्वी हॉटेलात "या साहेब" म्हणायचा त्याच घसघशीत आवाजात सांगितलं, "डावा खिसा, काही नाही! आतला खिसा, काही नाही! उजवा खिसा, फाटलेला!" बंगल्याच्या बाईंनी मान खाली घातली होती. सासूबाई जिन्याच्या पायरीवर उभ्या होत्या आणि त्यांनी नेहमीसारखं "झालं" म्हटलं. त्यानंतर त्या चुकीचा विषय त्यांनी कधी काढला नाही.

संध्याकाळी शटर अर्धं खाली आलं. सगळे टेबलाभोवती जमले. "आधी माझे," म्हणून सासूबाईंनी खिसे ओढले, गिरकी घेतली. दिवसभर उभं राहून त्यांचे पाय दुखत असणार, गिरकी जरा अडखळली. काकांचे झाले, वहिनींचे झाले.

जावई पुढे आला. किल्ली ठेवली. रुमाल घडी करून ठेवला. बायकोची चिठ्ठी उलगडून ठेवली. सासूबाई चष्मा पुसत म्हणाल्या, "आज राहू दे. दमलात तुम्ही. आज तर सगळ्या गावाने बघितलेत तुमचे खिसे."

"नाही, आई," तो म्हणाला, आणि दोन्ही खिसे पार टोकापर्यंत ओढून बाहेर काढले. "चष्मा लावा आणि नीट बघा. कोपऱ्यापर्यंत बघा. उद्या कुणी विचारलं तर तुम्हालाच सांगायचंय."

सासूबाईंनी चष्मा लावला आणि नीट, कोपऱ्यापर्यंत बघितलं.